आडवं इंजिन

दसरा झाला की आमच्या अंगणात पोतं अंथरलं जातं. त्यावर मेन स्टँडला गाडी, शेजारी डिझेलची वाटी, फाटक्या बनियनच्या चिंध्या आणि दहा, बारा, चौदा, सतरा नंबरचे पाने. गाडी 1998 सालची हिरो होंडा स्प्लेंडर, पासिंग कोल्हापूरचं, एमएच 09. वडिलांनी ती दुधाच्या कॅनसाठी घेतली, आता मी तिच्यावरून रोज कामाला जातो. पावसाळाभर तिने उसाच्या वाटेचा चिखल खाल्लेला असतो. म्हणून हा एक दिवस तिचा.

तिच्याकडे नुसतं बघितलं तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. सिलिंडर उभा नाही. तो पुढच्या चाकाकडे तोंड करून जवळजवळ आडवा झोपलेला आहे. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. 1958 साली होंडाने सुपर कब नावाची लहान गाडी काढली. साडी नेसलेल्या बाईला स्कूटरवर चढता येतं तसं तिच्यावर पाय न उचलता बसता यावं, म्हणून मधली जागा मोकळी ठेवली आणि इंजिन खाली आडवं टाकलं. त्या गाडीचे 10 कोटी नग 2017 साली पूर्ण झाले. तीच आडव्या इंजिनाची घडण वाढत वाढत 97.2 सीसीची झाली आणि आपल्याकडे आली. हिरो आणि होंडा यांची भागीदारी 1984 ची, हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून सीडी 100 निघाली ती 1985 ची. स्प्लेंडर आली 1994 मध्ये. पुढे दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या, तरी इंजिनाची ठेवण तीच राहिली.

त्या आधी आमच्या भागात मोटारसायकल म्हणजे राजदूत किंवा येझदी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, मागे निळा धूर सोडत जायचं. सीडी 100 च्या जाहिरातीत ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ असं म्हटलं होतं. पेट्रोलच्या टाकीपुरतं ते खरं होतं, ॲव्हरेज तसंच होतं. पण ज्यांनी ती ओळ साऱ्या गाडीला लावली, त्यांच्या गाड्या पंधरा वर्षांत भंगारात गेल्या. आमची टिकली, कारण वडील तिला एक दिवसही विसरले नाहीत.

घरी करायच्या कामांत मला सगळ्यात प्रिय टॅपेट. इंजिन गार असताना, म्हणजे सकाळीच, डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं काढायची. मोठ्या झाकणातून पाना घालून मॅग्नेट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायचा आणि लहान झाकणाच्या खिडकीत ‘टी’ अक्षर खुणेसमोर आणायचं. इथे नवखा माणूस फसतो. टी समोर दोनदा येतो. पिस्टन दोन्ही वेळा वरच असतो, पण एकदाच दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. म्हणून हेडवरची टॅपेटची झाकणं काढून दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे. हलले नाहीत तर मॅग्नेट अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा. सिलिंडर आडवा असल्याने एक झाकण वर असतं आणि एक खाली. खालचं उघडलं की ऑइलची धार लागते. अगोदर पोतं अंथरायचं ते त्यासाठीच.

फिलर गेजची पाती रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटीत सरकवताना ती सहज जाऊ नये, अडूही नये. ओल्या कागदावरून बोट ओढताना जितका विरोध लागतो, साधारण तितका. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतोच, त्यामुळे पहिल्या खेपेला फट कधीच बरोबर येत नाही. आवळायचं, पुन्हा पाती घालायची, पुन्हा सोडायचं.

हे मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्याकडे वडील गाडी न्यायचे त्या मिस्त्रीमामांनी दाखवलं. मी शाळेत होतो. आमच्या गाडीचा टॅपेट टकटक वाजत होता आणि मी घाबरून सांगितलं. मामा म्हणाले, “वाजतंय त्याला भिऊ नको, पोरा. गप बसलंय त्याला भी.”

त्याचा अर्थ पुढे कळला. फट जास्त झाली की आवाज येतो, गाडी थोडी मंद होते, बस. पण व्हॉल्व्हची सीट झिजून फट कमी होत गेली तर आवाज येत नाही, उलट इंजिन गोड वाजतं. आतून व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो. कॉम्प्रेशन गळतं, किक हलकी पडते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळायला लागते. गाडी फार शांत झाली आहे असं वाटलं की मी आज ना उद्या झाकण उघडतो.

ऑइलचं काम सोपं, म्हणूनच त्यात घाई होते. खालचा सतरा नंबरचा बोल्ट सोडायचा, गरम ऑइल गळू द्यायचं, नवं भरायचं. क्रँककेस ॲल्युमिनियमची आहे आणि बोल्ट लोखंडी. जोर लावून आवळला तर आटे बोल्टचे जात नाहीत, क्रँककेसचे जातात. 2006 साली रस्त्यावरच्या एका दुकानात कुणीतरी असाच आवळला आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत ऑइल सांडत राहिलं. उद्यमनगरातल्या लेथवाल्याने भोक मोठं करून नवे आटे पाडले, जाड बोल्ट बसवला. तो अजून आहे. तेव्हापासून तो बोल्ट वडील स्वतःच सोडायचे आणि स्वतःच आवळायचे, आता मी.

या इंजिनात कागदी फिल्टर नाही हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एक जाळी असते, आणि क्लच कव्हरच्या आत क्रँकच्या टोकाला एक वाटी. वाटी इंजिनाबरोबर गरगरा फिरते, ऑइलमधला जड मळ कडेला फेकला जातो आणि तिथेच चिकटून बसतो. चार-पाच वर्षांनी ती उघडली की आत बोटभर काळी मेणासारखी साय निघते. ती खरवडताना मला दर वेळी वाटतं की ज्याने हे योजलं त्याने बदलायचा भाग न ठेवता धुवायचा भाग ठेवला. आमच्यासारख्यांना याहून मोठा उपकार नाही. कव्हरचं गास्केट मात्र नवंच टाकावं.

चेनबद्दल थोडंच. ती मधोमध अडीच-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या पाहिजेत, आणि बदलायची तर चेन सॉकेटचा पूर्ण संच.

आता बदलांविषयी. दुधाच्या दिवसांत मागे दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचा कॅरियर होता, लोहाराकडून करून घेतलेला. त्या वजनाने पन्हाळ्याचा चढ चौथ्यात सोडाच, तिसऱ्यातही जड जायचा. वडिलांनी पुढचं सॉकेट एका दाताने लहान बसवलं. गाडी ओढायला लागली, सपाटीवर मात्र इंजिन ओरडू लागलं. काट्याची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे किलोमीटर खरे राहिले आणि ॲव्हरेज किती घटलं ते पेट्रोलच्या हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसलं. कॅन बंद झाले तेव्हा मूळ सॉकेट परत आलं. मला बदलाची हीच रीत पटते: कामासाठी करावा, काम संपलं की मागे घेता यावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीबुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू नये. मोठा बोअर बसवून किंवा सायलेन्सर फोडून फिरणाऱ्यांच्या गाड्या मी फार काळ रस्त्यावर टिकलेल्या पाहिल्या नाहीत.

दिव्याचा बदल मात्र मी केला आणि कायम ठेवला. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटवर चालतो. वळणावर वेग कमी केला की उजेडही मंदावतो, नेमका हवा तेव्हा. नुसता एलईडी आणून बॅटरीला जोडला तर ती लहानशी बॅटरी काही दिवसांत बसते. मी मॅग्नेटची कॉइल नव्याने गुंडाळून घेतली, रेग्युलेटर बदलला, मग दिवा लावला. उजेड लांबवर जातो पण समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही, एवढा खाली धरला आहे.

पंधरा वर्षांनी आरसी संपली. 2013, 2018 आणि 2023 अशी तीनदा नव्याने काढली, पर्यावरण कर भरला, तपासणीला गाडी उभी केली. तिन्ही वेळा ती एका किकमध्ये चालू झाली.

सध्याची अडचण पेट्रोलची आहे, आणि ती आमच्याच शेतातून आलेली. 2025 पर्यंत पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. आमच्या उसाचं इथेनॉल होतं, कारखान्याला त्याचे पैसे मिळतात, याचा मला आनंद आहे. पण 1998 च्या कार्बोरेटरने ते कधी पाहिलेलं नव्हतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, म्हणून त्याच जेटमधून मिश्रण पातळ पडतं. ते पाणीही ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पहिल्या उन्हाळ्यात गाडी चढाला अडखळू लागली. प्लग काढला तर टोक पांढरं फटक. कार्बोरेटरच्या बाऊलचं रबर फुगून खाचेत बसेना.

या दसऱ्यानंतर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि रबरं नवी टाकली, टाकी उलटी करून तळाचं पाणी काढलं, आणि मेन जेट एका नंबरने मोठा बसवला. आठवडाभर तशीच चालवली. रविवारी पन्हाळ्याच्या अर्ध्या चढावर चावी बंद केली, इंजिन थोडं निवू दिलं आणि तिथेच प्लग काढला. विटकरी रंग होता.