लोणी, मासे आणि एक चिवट आजार

बालमित्रांनो, विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं ना? आपल्या मेंदूतल्या मज्जातंतूंवरही तसंच एक वेष्टन असतं, मायेलिनचं. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यावरच हल्ला चढवते. मग मेंदूचे निरोप नीट पोचत नाहीत. पाय लटपटतात, नजर धूसर होते, भारी थकवा येतो. (हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही बरं का!)

नॉर्वेत समुद्रकाठच्या कोळ्यांपेक्षा आतल्या भागातल्या, दूध-लोणी भरपूर खाणाऱ्या शेतकऱ्यांत हा आजार जास्त, असं डॉ. रॉय स्वँक यांना आढळलं. मग त्यांनी कॅनडात रुग्णांना कमी चरबीचा आहार दिला आणि १४४ जणांची तब्बल ३४ वर्षं नोंद ठेवली. केवढी ही चिकाटी! पथ्य पाळणारे पुष्कळ बरे राहिले, असं त्यांनी १९९० साली लिहिलं. पण थांबा. तुलनेसाठी दुसरा गट नव्हताच! ज्यांची तब्येत मुळात बरी होती, त्यांनाच पथ्य जमलं असेल तर? अमुक आहाराने हा आजार बरा होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

पालकहो, ‘औषधं सोडा, फक्त हे खा’ म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. आहाराचं काम वेगळं आहे. या आजारात पोट साफ होत नाही, त्याला पालेभाज्या, फळं, भाकरी आणि पुरेसं पाणी उपयोगी पडतं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून मऊ खिचडी द्या. आणि मुलांनो, मेथी निवडायला तुम्ही बसा. थकलेल्या माणसाचे तेवढेच श्रम वाचतील.