वास्तू, वस्तू आणि त्यांची नावे : कोल्हापूरच्या निमित्ताने



प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा परिचय तुम्हांला मागील घटकात झाला आहे. त्या घटकाला जोडून ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या संग्रहालयाचे अथवा राजवाड्याचे वर्णन करा’ असा स्वाध्याय दिला जातो. अशा स्वाध्यायांच्या वह्या तपासताना गेली अनेक वर्षे मला एकच अनुभव येतो. लिहिणारा शिक्षक असो, परिचारिका असो वा एस. टी.चा वाहक असो, वर्णन मात्र सर्वांचे सारखेच असते : वास्तू भव्य, बाग नयनरम्य, शस्त्रे ऐतिहासिक आणि बांधकामाचा खर्च इतके लक्ष रुपये. ही माहिती चुकीची नसते, पण ती प्रवेशद्वाराजवळच्या फलकावरून उतरवलेली असते. लिहिणारा तेथे गेला नसता तरी असेच लिहू शकला असता.

प्रस्तुत लेखात या अडचणीतून बाहेर पडण्याची एक वाट सुचवावयाची आहे. ती भाषाभ्यासकाची वाट आहे. एखादी वास्तू किंवा वस्तू पाहताना तिचे नाव काय, ते कोणी दिले, लोक तिला काय म्हणतात आणि तिच्या भागांना कोणते शब्द आहेत, एवढे विचारत जावे. उदाहरणे मी कोल्हापुरातून घेतली आहेत. तुमच्या जिल्ह्यात ती निराळी असतील.

टाऊन हॉल

कोल्हापुरात ‘वस्तुसंग्रहालय कोठे आहे?’ असे विचारले तर ऐकणारा क्षणभर थबकतो. ‘टाऊन हॉल कोठे?’ म्हटले की लगेच हात दाखवतो. सी. पी. आर. रुग्णालयासमोर, जुन्या वृक्षांच्या बागेत उभी असलेली ही उतरत्या छपरांची, टोकदार कमानींची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. तिचे रचनाकार चार्ल्स मँट हे ब्रिटिश लष्करातील अभियंते होते. नावाप्रमाणे ती नगराच्या सभांसाठी होती. कोल्हापूरचे संग्रहालय १९४६ मध्ये स्थापन झाले आणि १९४९ मध्ये या इमारतीत आले. सभा थांबल्या त्याला आता पाऊणशे वर्षे झाली, तरी नाव ‘टाऊन हॉल’च राहिले. वास्तूचा उपयोग बदलतो आणि नाव मागे राहते. अर्थात त्यामुळेच नाव हा इतिहासाचा पुरावा ठरतो.

‘संग्रहालय’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. ‘म्युझियम’ या शब्दाच्या मुळाशी म्यूझ या ग्रीक विद्याकलादेवता आहेत. त्यांचे स्थान ते म्युझियम. हिंदीतील ‘अजायबघर’ म्हणजे नवलाच्या गोष्टींचे घर. आपला शब्द ‘संग्रह’ आणि ‘आलय’ यांच्या संधीतून झालेला, साठा ठेवण्याची जागा एवढेच सांगणारा. देवता, नवल आणि साठा या तीन शब्दांत तीन दृष्टी आहेत. मला विचाराल तर आपला शब्द अचूक असला तरी थोडा कोरडा आहे.

आत गेल्यावर सर्वप्रथम एक लहानशी मूर्ती शोधा. ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी ही देवता कशी आली? टाऊन हॉलपासून फार दूर नसलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात उत्खनने झाली. प्रथम प्रा. कुंदनगार यांनी आणि नंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे काम केले. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष आणि धातूच्या वस्तूंचे साठे तेथे सापडले. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमन जगाशी चालणारा व्यापार घाट चढून येथवर पोहोचला होता, याची ती साक्ष आहे. प्रस्तुत संग्रहालयाचा जन्मही याच उत्खननांतून झाला.

आता मूर्तीच्या धातूकडे वळू. संग्रहालयांच्या पाट्यांवर अशा धातूला ‘कांस्य’ किंवा ‘ब्राँझ’ म्हणतात. तुमच्या घरी आजी तळपायाला तूप लावून जी वाटी घाशीत असे, ती कशाची होती? काशाची. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाला संस्कृतात कांस्य म्हणतात आणि मराठीच्या वळणाने तेच ‘कासे’, ‘काशे’ झाले. पाटीवरचा शब्द तत्सम, घरातला तद्भव. कांस्याचे काम करणारा तो कांस्यकार, आणि कांस्यकाराचा ‘कासार’. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार हे याच साच्यातून निघाले. ‘सुतार’ मात्र दिसायला सारखा असला तरी ‘सूत्रधारा’पासून आला असे मानले जाते. ध्वनिपरिवर्तनाचे नियम पाठ करण्यात तुम्ही बराच वेळ घालवला असेल. ते नियम येथे काचेच्या कपाटासमोर उभे राहून पडताळता येतात.

वाडा, विलास, पॅलेस

कोल्हापुरातील राजवास्तूंची नावे केवळ एकापाठोपाठ एक वाचली तरी मराठी शब्दसंपत्तीचे थर दिसू लागतात. भवानी मंडपाजवळचा तो ‘जुना राजवाडा’. यातील ‘वाडा’ हा ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून आलेला, पूर्णपणे मराठी झालेला शब्द. त्याच राजवाड्याच्या दारावर मात्र ‘नगारखाना’ आहे. त्यात अरबीतून आलेला नगारा आणि फारसीतला ‘खाना’ आहे. हाच ‘खाना’ आपण दवाखान्यात आणि कारखान्यात रोज वापरतो. राजे ज्या सभेत बसत तिला ‘दरबार’ म्हणत, हा शब्दही फारसीच. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांपैकी काही रुजले. पण दरबार गेला नाही. शब्द आज्ञेने हलत नाहीत.

कसबा बावड्यात ‘लक्ष्मी विलास पॅलेस’ आहे. २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म येथे झाला. नावातील ‘विलास’ शुद्ध तत्सम आणि ‘पॅलेस’ इंग्रजी. याच्या अलीकडे बावड्याच्या वाटेवर ‘न्यू पॅलेस’ लागतो. काळ्या घडीव दगडातील ही वास्तू १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. आराखडा पुन्हा मँट यांचाच होता, परंतु ते १८८१ मध्येच निवर्तले आणि पूर्ण झालेला राजवाडा त्यांना पाहता आला नाही. मधला घड्याळाचा अष्टकोनी मनोरा दुरूनही लक्ष वेधतो. दरबार सभागृहातील रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. इंग्लंडातील चर्चमध्ये जेथे संतांची चित्रे असतात, तेथे येथे शिवराय आहेत. तळमजल्यावर १९७४ पासून शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. शस्त्रे, पोशाख, छायाचित्रे आणि शिकारीतील प्राणी पाहायला तेथे गर्दी असते. मुले वाघांपाशी रेंगाळतात, हे स्वाभाविकच. मोठ्यांनी थोडा वेळ कागदपत्रे आणि छायाचित्रांसमोरही काढावा. १९०२ साली आपल्या संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा राजा याच घराण्यातला होता, हे वाघांच्या दालनात सहज विसरले जाते.

‘पॅलेस’ या शब्दाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोम शहरातील पॅलाटिन नावाच्या टेकडीवर सम्राटांची निवासस्थाने होती. त्या टेकडीच्या नावावरून ‘पॅलेस’ आला. म्हणजे रोमन जगाचे धन पंचगंगेच्या काठी एकदा व्यापारातून आले आणि सुमारे अठरा शतकांनी शब्दातून आले. कोल्हापूरकर ‘न्यू पॅलेस’ म्हणतात आणि ‘नवा राजवाडा’ही म्हणतात. बोलणारा कोण, ऐकणारा कोण यावर निवड ठरते. पुढच्या वेळी रिक्षावाल्याशी बोलताना यावर लक्ष ठेवा.

रंकाळ्याच्या काठावरील ‘शालिनी पॅलेस’ १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाची ही वास्तू पुढे काही काळ हॉटेल होती. पाण्यात तिचे प्रतिबिंब पाहावे ते सायंकाळी.

बाग की उद्यान?

फलकावर ‘महावीर उद्यान’ असते, लोक ‘महावीर गार्डन’ म्हणतात. दुसरीकडे ‘हुतात्मा पार्क’ आहे. घरी मात्र आई मुलाला ‘बागेत जाऊ’ असे सांगते. चार शब्द, तीन भाषांतले. ‘बाग’ फारसीतून आला. हिंदीत तो पुल्लिंगी आहे आणि मराठीत स्त्रीलिंगी स्थिरावला. तथापि मुंबईत ‘राणीची बाग’ आणि ‘राणीचा बाग’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. त्या बागेचे अधिकृत नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. शेजारचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. संग्रहालयाचे नवे नाव रुळले, बागेचे जुनेच तोंडात राहिले. कारणांचा विचार तुम्ही करून पाहा. कोल्हापूरच्या परिसरात ‘बाग’ शब्दाचा आणखी एक वंशज महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘बागायत’. त्याचा अर्थ फुलझाडे नसून पाण्याखालचे शेत, आणि आपल्याकडे बहुधा ऊस.

कणेरीची मोट

आता शहराबाहेर जाऊ. कणेरी येथील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात जुन्या गावाचे जीवन पूर्णाकृती शिल्पांतून उभे केले आहे. कुंभार, लोहार, सुतार, शेतकरी असे सर्व आपापल्या कामात आहेत. शिल्पातले गाव नेहमीच खऱ्या गावाहून शांत असते, ही मर्यादा मनात ठेवूनच तेथे हिंडावे. बलुतेदारांची नावे वाचताना ‘बलुते’ या शब्दापाशी थांबा. सेवेच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा एवढाच कोशातला अर्थ. परंतु १९७८ मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले आणि या शब्दाच्या पोटातील अपमान व उपेक्षा मराठी वाचकासमोर आल्या. तुमच्या अभ्यासक्रमात दलित आत्मकथने आहेत. ती वाचून कणेरीला गेलात तर तोच शब्द वेगळा ऐकू येईल.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या अभ्यासकेंद्रातील विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. विहिरीवरील मोटेचे दृश्य समजावून देताना मी बैलांना जोडलेल्या जाड दोरखंडाला ‘दोर’ म्हणालो. मागे उभ्या असलेल्या, वयाने माझ्याच बरोबरीच्या एक विद्यार्थिनी काहीशा संकोचाने म्हणाल्या, “सर, त्याला नाडा म्हणत्यात. सोंडेला बांधलेला बारीक असतो, तो सोंदूर. माझ्या वडिलांनी मोट धरलीया.” मग त्याच बोलत राहिल्या आणि आम्ही ऐकत राहिलो. बैल मागेपुढे चालतात ती उतरती वाट म्हणजे धाव. मोट वर आली की पाणी जेथे ओतले जाते ते दगडी कुंड म्हणजे थारोळे. थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात.

‘थारोळे’ ऐकताच तरुण विद्यार्थ्यांपैकी एकाने चमकून पाहिले. त्याला हा शब्द एकाच ठिकाणी ठाऊक होता : ‘रक्ताच्या थारोळ्यात’. आज आपल्यापैकी बहुतेकांची हीच स्थिती आहे. इंजिने आणि विजेचे पंप आले, मोटा गेल्या, आणि पाण्याचे थारोळे वृत्तपत्रातील अपघाताच्या बातमीत रक्ताचे होऊन उरले. मूळ संदर्भ नाहीसा झाला की शब्द कधी पूर्ण मरतो, तर कधी एखाद्या वाक्प्रचारात असा अडकून राहतो. (येथे एक सावधगिरी : ‘मोट बांधणे’ या वाक्प्रचारातील मोट म्हणजे गाठोडे, ‘मोटकुळी’ तिचीच. विहिरीवरची मोट वेगळी.)

त्या दिवशी मी खजील झालो, आणि ते योग्यच होते. संशोधनाच्या निमित्ताने मी कोश पुष्कळ चाळले आहेत, परंतु मोट कधी धरलेली नाही. शिल्पात नाडा होता, विहीर होती, बैल होते. वस्तू जतन झाली होती. शब्द मात्र एका प्रौढ विद्यार्थिनीजवळ होता, आणि तो तिने ‘अभ्यासाचा’ मानला नव्हता. मुक्त विद्यापीठात येणाऱ्या अनेकांना वाटते की आपण उशिरा शिकत आहोत, आपली भाषा गावंढळ आहे, स्वाध्यायात पुस्तकी शब्दच हवेत. म्हणून ते ‘नाडा’ खोडून ‘दोरखंड’ लिहितात. तेथे माझ्यासारख्या परीक्षकांचाही दोष आहे. प्रादेशिक शब्दाखाली आम्ही लाल रेघ ओढत आलो आहोत.

उपक्रम

आपल्या जवळचे एक संग्रहालय, राजवाडा, वाडा किंवा बाग निवडा. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालयही चालेल. शक्य असल्यास सोबत घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला न्या. पाहिलेल्या वस्तूंपैकी पाच वस्तूंची पाटीवरील नावे एका बाजूस लिहा आणि ती व्यक्ती त्यांना काय म्हणते ते दुसऱ्या बाजूस. वस्तूच्या भागांची नावे विचारण्यास विसरू नका. पूर्ण वस्तूचे नाव बहुतेकांना माहीत असते, भागांची नावे वापरणाऱ्यालाच ठाऊक असतात. शब्द जसा ऐकला तसाच लिहा, प्रमाण रूपात बदलू नका. सांगणाऱ्याचे गाव, अंदाजे वय आणि व्यवसाय नोंदवा. त्यानंतर या नोंदींच्या आधारे सुमारे चारशे शब्दांत वर्णन लिहा. वास्तूचे क्षेत्रफळ आणि खर्च यांचा उल्लेख नसला तरी गुण कापले जाणार नाहीत.