अठराव्या वर्षाचा सामना

खातिब एमआरटी स्थानकाजवळचे यिशुन स्टेडियम हे एके काळी सेम्बावांग रेंजर्स संघाचे घरचे मैदान होते. 1996 मध्ये एस-लीग ही सिंगापूरची व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून 2003 पर्यंत हा संघ तिच्यात खेळला. पुढे संघ गेला, पण यिशुनच्या मुलांचा फुटबॉल सुटला नाही. व्हॉइड डेकमध्ये चेंडू खेळायला मनाई, म्हणून संध्याकाळी जवळच्या कोर्टवर गर्दी होते. त्या गर्दीत आपलीही मुले असतात. त्यातला एखादा खरोखरच चांगला निघाला, शाळेच्या संघात आला, की घरात विचार सुरू होतो: पुढे काय?

वाट अगदीच अनोळखी नाही. शेजारच्या वूडलँड्समध्ये 2004 पासून सिंगापूर स्पोर्ट्स स्कूल आहे. तिथे अभ्यासाचे वेळापत्रक सरावाशी जुळवून आखतात. राष्ट्रीय संघाचा कर्णधार झालेला हॅरिस हरून याच शाळेचा. जून 2007 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी तो देशाकडून खेळला आणि सिंगापूरचा सर्वांत तरुण आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरला. पुढे मलेशियातल्या जोहोर दारुल ताझिम संघात राहून त्याने 2015 चा एएफसी कप जिंकला.

खरी कसोटी लागते अठराव्या वर्षी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आठवून पाहा. पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा मुलगा 2017 मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्यानंतर लगेच आय-लीग आणि 2019 मध्ये आयएसएलमधला जमशेदपूर संघ. सतरा ते वीस या वयातच फुटबॉलपटू व्यावसायिक होतो. नेमक्या त्याच वयात सिंगापूरच्या मुलाच्या अंगावर गणवेश चढतो.

इथे आपल्या घरांचा थेट संबंध येतो. आई-वडिलांच्या अर्जावर पीआर मिळालेल्या मुलालाही नागरिकांप्रमाणेच दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा करावी लागते. ती न करता पीआर सोडला, तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येताना त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो. मूल पाच वर्षांचे असताना आपण अर्ज भरतो, तेव्हा फुटबॉल कुणाच्या डोक्यातही नसतो!

सवलत मिळेल या आशेवर राहू नये. 2018 मध्ये बेन डेव्हिसला इंग्लंडच्या फुलहॅम क्लबने करार दिला, तरी सेवा पुढे ढकलण्याची त्याची विनंती नाकारली गेली. आधीच्या पंधरा वर्षांत अशी सवलत फक्त तिघा खेळाडूंना मिळाल्याचे तेव्हा संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले. जलतरणपटू जोसेफ स्कूलिंग हा त्यांपैकी एक. त्याने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणले.

मात्र गणवेश चढला म्हणजे खेळ संपला, असेही नाही. फंदी अहमद यांचा मुलगा इल्हान सेवा पूर्ण करून 2023 च्या सुरुवातीला बेल्जियमच्या डेंझे क्लबकडे गेला. सेवेच्या काळातही सराव आणि सामने चालू ठेवणारे खेळाडू इथे आहेत. त्यासाठी शरीर जपावे लागते, वरिष्ठांशी बोलावे लागते आणि क्लबला आधीपासून विश्वासात घ्यावे लागते.

म्हणून ही चर्चा सतराव्या वर्षी घाईघाईने करण्यापेक्षा तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला समोर बसवून करावी. पीआर, सेवा, पॉलिटेक्निक की ज्युनियर कॉलेज, क्लब कुठला, हे सगळे एकाच कागदावर मांडावे. फुटबॉल जमला नाही तर हाताशी काय राहील, हेही त्यावर असावे. तो शेवटी कोणताही रस्ता धरो. आपण न विचारता भरलेल्या एका अर्जाने त्याचा रस्ता ठरला, असे त्याला पुढे वाटू नये.