किरकिरीचा माग

एप्रिलच्या दुपारी आसनगाव स्टेशनबाहेर गाड्यांची रांग उन्हात भाजत उभी असते. मालक सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेले, काचा बंद, वर सावली नाही. आत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्याही वर जातो आणि त्या बंद गाडीत एक हालचाल सुरू होते: डॅशबोर्ड लांब होऊ लागतो. एक मीटर लांबीचं डॅशबोर्डचं प्लॅस्टिक ४० अंशांनी तापलं, तर तीन-चार मिलिमीटर वाढतं. ते ज्या आडव्या पोलादी दांड्यावर बसवलेलं असतं, तो तेवढाच तापला तरी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. स्क्रू आणि क्लिपांनी एकत्र बांधलेल्या या दोन वस्तू रोज दुपारी एकमेकींशी ओढाताण करतात आणि पहाटेपर्यंत पुन्हा जागेवर येतात. संध्याकाळी मालक परततो, गाडी शहापूरकडे वळवतो, आणि सकाळी गप्प असलेली गाडी समोरच्या काचेखालून किर्र किर्र करू लागते.

गाडी वर्षाचीही नसते. हप्ते फिटायचे असतात. आपल्याच वाट्याला खराब गाडी आली, असं माणसाच्या मनात येतं. गॅरेजात नेली की नेमकी ती वाजत नाही, आणि मेकॅनिक मान हलवून म्हणतो, "भाऊ, इथे तर काहीच आवाज नाही." दोघंही खरं बोलत असतात. आवाज हा एखाद्या भागात साठवलेला नसतो. विशिष्ट तापमान, विशिष्ट वेग, विशिष्ट रस्ता आणि विशिष्ट ओझं जुळून आलं तरच तो जन्मतो. त्यातलं एक जरी निघून गेलं तरी तो विरतो. म्हणून मला वाटतं की आवाजाच्या मागे पाना घेऊन धावण्याआधी त्याची हवा, वेळ आणि वाट वहीत नोंदवावी. तेवढ्यावरून तो आपला पत्ता बहुतेक वेळा स्वतःच सांगून टाकतो.

आधी किरकिरीचं पाहू. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. गाडी हलली की एकाला सरकायचं असतं, पण घर्षण त्याला धरून ठेवतं. ताण वाढत जातो. एका क्षणी पकड सुटते, पृष्ठभाग झटकन घसरतो, ताण उतरतो आणि पकड पुन्हा बसते. हे धरणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा झालं की आपल्याला सूर ऐकू येतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. ज्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९३० साली प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं, त्यांनी त्याआधी बारा वर्षं, १९१८ मध्ये, कोलकात्यात गजाने छेडलेल्या तारेच्या कंपनांवर मोठा प्रबंध लिहिला होता. पुढे त्यांनी यंत्राने वाजणारं व्हायोलिन उभं करून गजाचा दाब आणि वेग बदलला की तार काय करते हे मोजलं. त्या प्रयोगातलं घर्षण आणि काचेखालच्या प्लॅस्टिकचं घर्षण एकाच जातीचं. पौष पौर्णिमेच्या सुमाराला म्हसाच्या जत्रेला निघालेल्या बैलगाडीचा वंगण सुकलेला कणा करकरतो, तोही याच नियमाने.

खडखड वेगळी. तिथे दोन वस्तूंमध्ये फट असते आणि त्या एकमेकींवर आपटतात. या भेदाचं मोल मोठं आहे, कारण दोघींचे उपाय उलटे आहेत. खडखडणारी वस्तू घट्ट करायची किंवा मधे काहीतरी मऊ भरायचं. किरकिरणारी वस्तू घट्ट केली तर दाब वाढतो आणि आवाज कधीकधी आणखी चढतो. तिला मधे निसरडा थर हवा असतो: कापडी टेपची पट्टी, नमद्याचा तुकडा, दाराच्या रबराला सिलिकॉनचा हलका हात. स्क्रू पिळत सुटलेले कितीतरी लोक इथेच फसतात.

मग प्रश्न येतो की आवाज येतो कुठून? इथे आपला कानच दगा देतो. आवाजाची दिशा आपल्याला कशी कळते याचा उलगडा लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडला. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला जरा आधी आणि जरा मोठा पोचतो. हा 'जरा' फार तर एका सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, आणि आपला मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवतो! मोकळ्या रानात हे अचूक जमतं. गाडीत मात्र चारी बाजूंना काचा, त्यांवरून उलटून येणारे आवाज, आणि खाली पोलादाचा सांगाडा. पोलादातून ध्वनी हवेच्या जवळपास पंधरापट वेगाने धावतो. मागच्या चाकाजवळ उठलेला ठोका खांबातून वर चढून थेट डोक्याजवळच्या पट्ट्यातून बाहेर पडू शकतो. शिवाय आवाज बरोबर समोर आहे की बरोबर मागे, यात दोन्ही कानांना फरकच पडत नाही. तेव्हा डोकं थोडं वळवावं लागतं, आणि गाडी चालवणाऱ्याने ते करू नये. एकाने चालवावं, दुसऱ्याने मागच्या सीटवर बसून ऐकावं, एकेका पट्टीवर तळहात दाबून पाहावा. दाबल्यावर आवाज थांबला तर जागा सापडली.

शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांचे रस्ते म्हणजे आवाज ऐकण्याची उत्तम साधनं आहेत. हे मी कौतुकाने लिहितो आहे.

माळशेज घाटाचंच पाहा. मुरबाडहून टोकावड्याच्या पुढे वळणं सुरू होतात, एक उजवं, एक डावं. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर झुकतो, डावीकडे वळली की उजव्या. सपाट रस्त्यावर नुसतीच 'घूंऽऽ' अशी एकसुरी घरघर येत असेल आणि ती प्रत्येक उजव्या वळणावर चढून डाव्या वळणावर उतरत असेल, तर संशय डाव्या बाजूच्या व्हील बेअरिंगवर घ्यावा. वळणांचा काहीच परिणाम होत नसेल तर टायर वेडेवाकडे झिजले आहेत का ते बघावं. घाटाच्या पायथ्याशी गाडी मागे-पुढे करून पूर्ण वळवताना 'टक टक टक' आलं, तर पुढच्या ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटलेलं असण्याची शक्यता मोठी. आतलं ग्रीस उडून जातं आणि चिखलणीच्या दिवसांत त्या जागी चिखल शिरतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूरकरांच्या हाती आणखी एक कसोटी आली. हा रस्ता काँक्रीटचा. काँक्रीटचे तुकडे साधारण साडेचार मीटरचे धरले, तर ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला पाच-सहा सांधे ओलांडते. तो 'टप टप' रस्त्याचा. डांबर लागलं की तो जातो. डांबरावरही जो राहतो तो गाडीचा.

आता थोडं गणित, कारण ते फार सुंदर आहे. मध्यम मोटारीच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास नऊ वेळा फिरतं. ९० ला तेरा वेळा. चाक, टायर, डिस्क हा स्प्रिंगखालचा सगळा गठ्ठा स्वतःहून सेकंदाला दहा ते पंधरा वेळा डोलायला तयार बसलेला असतो. म्हणून एका चाकात काही ग्रॅमचा असमतोल असेल तर ६० ला काही जाणवत नाही, ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं, आणि पुष्कळदा त्याच्याही पुढे थरथर मंदावते. गाडी वेगवान झाल्याने ती सुधारत नाही. चाकाची लय त्या गठ्ठ्याच्या लयीपासून दूर गेलेली असते. अशा वेळी सस्पेन्शनचे भाग बदलण्याआधी बॅलन्सिंग करून घ्यावं. तीन सिलिंडरच्या इंजिनाचंही असंच. ८०० आरपीएमला ते सेकंदाला वीस ठोके देतं, आणि सायलेन्सरवरचा पातळ पत्रा किंवा मागची नंबर प्लेट त्यातल्या एखाद्या पटीला साथ देऊ लागते. एसी लावला, इंजिनाचा वेग किंचित वाढला, आवाज गेला! एसीचा त्यात काही हात नसतो.

हेच काम मोठमोठ्या संस्था करतात. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली सुरू झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. माळशेज चढून जाणारा हा रस्ता पुढे ज्या अहिल्यानगरला पोचतो, तिथे संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही अशीच संस्था आहे आणि तिचे स्वतःचे चाचणी-रस्ते आहेत. जगभरच्या अशा रस्त्यांवर खड्डे, दगडी फरसबंदी, उंचवटे मुद्दाम बांधलेले असतात, आणि तेही मोजून. किन्हवलीहून सरळगावला जाताना एखाद्या तुकड्यावर आवाज येत असेल, तर त्याच तुकड्यावरून तेवढ्याच वेगाने पुन्हा गाडी नेणं ही शास्त्रशुद्ध चाचणी आहे. मेकॅनिकलाही तिथेच घेऊन जावं.

पावसाळ्यात कथा बदलते. अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या बिडाच्या ब्रेक डिस्कवर सकाळी गंजाची पातळ साय येते आणि पहिले काही ब्रेक खरखरतात. ते घासलं की जातं. तिथे पैसे खर्च करू नयेत.

हे आवाजांचं झालं, पण दिवे? डॅशबोर्डवर लागणारा आणि आपोआप जाणारा पिवळा दिवा हा किरकिरीचा सख्खा भाऊ आहे, आणि या विषयातलं मला सर्वांत थक्क करणारं ते हेच. गाडीत शेकडो विद्युत जोड असतात. कथिलाचा मुलामा दिलेली बारीक पिन दुसऱ्या पत्र्याला चिकटून बसते. इंजिनाच्या थरथरीने आणि ऊन-गारव्याने ती पिन जागच्या जागी सरकते, केसाच्या जाडीहूनही कमी. प्रत्येक वेळी मुलामा खरवडला जातो, उघड्या धातूवर हवेने गंजाचा थर धरतो, पुढच्या वेळी तो थर चिरडून सांध्यातच साचतो. काही महिन्यांनी तिथे विजेला अडथळा होतो. दहा अँपिअर प्रवाहाच्या वाटेत एक दशांश ओहम आला तरी बारा व्होल्टांतला एक व्होल्ट तिथेच जिरतो, आणि कमी प्रवाहाच्या नाजूक सेन्सरकडून तर चुकीचाच निरोप जातो. मेकॅनिक जोड काढतो, पाहतो, पुन्हा लावतो आणि दिवा गायब होतो, कारण काढता-लावताना तो थर खरवडून निघालेला असतो. दोन महिन्यांनी दिवा परत. काचेखाली दोन पृष्ठभाग जे करतात तेच इथे दोन पिना करतात, फक्त आवाज न करता.

सागाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांसाठी आणखी एक साखळी. पुढच्या काचेच्या बुडाशी पाणी वाहून जायला छिद्रं असतात. पाला-कचरा तिथे कुजून बसला की पाणी तुंबतं आणि वाट मिळेल तिथून आत उतरतं. गालिच्याखालचा जाड थर ते शोषून घेतो, वरून काही कळत नाही. सीटखालच्या जोडांना महिनाभर ओल लागते, आणि ऐन गणपतीत एअरबॅगचा दिवा लागतो. कुणाला सुचेल की त्याचं मूळ बॉनेटमागच्या पाल्यात आहे? (सीटखालचे पिवळे जोड एअरबॅगचे. त्यांना घरी हात लावू नये.) भातकापणी झाली की शेतातले उंदीर उबेला बॉनेटखाली येतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्यांना कुरतडावंच लागतं. अंगणात पेंढ्याशेजारी गाडी असेल तर वायरिंग टॉर्चने बघत राहावं.

अलीकडच्या गाड्यांत बिघाडाच्या क्षणाची नोंदही राहते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला छोटं यंत्र लावलं की कोड मिळतो, आणि पुष्कळदा त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, आरपीएम काय होता, हेही. लोक कोड पाहतात आणि ही नोंद पुसून टाकतात! कोड फक्त सांगतो की अमक्या वाटेवरून निरोप चुकीचा आला. सेन्सर मेला असं तो म्हणत नाही. तीनदा सेन्सर बदलूनही दिवा परत येतो, त्यामागे बहुतेकदा ही घाई असते.

एक बिघाड तर बिघाडच नसतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळायला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. गावातून बाजारात, बाजारातून गावात अशीच खेप चालली की जाळणं दरवेळी अर्ध्यावर तुटतं आणि गाळणीचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो. दिवा नुसता स्थिर पिवळा असेल, तर एखाद्या सकाळी महामार्गावर एका लयीत केलेली एक खेप पुष्कळदा पुरते.

आवाज मिटवणाऱ्यांना शेवटी एक अनुभव हमखास येतो. काचेखाली नमद्याची पट्टी बसते, किरकिर थांबते, आणि दोन दिवसांत मागच्या दारातून नवीच 'टिक टिक' ऐकू येऊ लागते. ती बहुधा नवी नसते. मोठा आवाज त्याच स्वरपट्टीतल्या लहान आवाजाला झाकतो, हा आपल्या कानाचा गुणधर्म आहे. विजेच्या गाड्यांत इंजिनच नसल्याने असे कितीतरी आवाज उघडे पडतात. तेव्हा वही पुन्हा काढायची आणि लिहायचं: सकाळ की दुपार, मागे कुणी बसलं होतं का, रस्ता कुठला, वेग किती.