मांजराचे डोळे पुन्हा पुन्हा का येतात?

माणसाचे डोळे येतात, आठवडाभर राहतात आणि जातात. मराठीने या विकाराला दिलेले नाव त्याच्या स्वभावाला साजेसेच आहे. मांजराच्या बाबतीत मात्र पुष्कळदा असे घडते, की डोळे येतात, बरे होतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येतात. पहिल्या खेपेस जे औषध लागू पडले असे वाटले, तेच दुसऱ्या खेपेस घातले जाते. तिसऱ्या खेपेस औषधाविषयी संशय उत्पन्न होतो आणि चौथ्या खेपेस पशुवैद्य बदलला जातो. मांजर एक डोळा किलकिला करून बसते, पापणीच्या आतील अस्तर सुजून तांबडे होते, कोपऱ्यात तपकिरी स्राव वाळून चिकटतो, जोडीला चार शिंका येतात. चित्र दर वेळी तेच असते. रोग प्रत्येक वेळी बाहेरून नव्याने येतो, असे मालक समजून चालतो. बहुधा ही समजूतच चुकीची असते.

अशा विकारात ज्याच्यावर प्रथम संशय घ्यावा असा जंतू म्हणजे मांजरांमध्ये आढळणारा हर्पीस गटातील एक विषाणू होय. अमेरिकेतील क्रँडेल व मॉरर या संशोधकांनी आजारी पिलांपासून हा विषाणू वेगळा काढल्याचे १९५८ साली प्रसिद्ध केले. जगात जेथे जेथे मांजरे आहेत तेथे तेथे तो आढळतो. बहुतेक मांजरांना त्याची बाधा पिलूपणीच, आईकडून किंवा सोबतच्या भावंडांकडून होते. दोन ते सहा दिवसांत नाक वाहू लागते, ताप येतो, डोळे चिकटतात. दोन-तीन आठवड्यांत पिलू हिंडूफिरू लागते आणि घरची माणसे निश्चिंत होतात. हा विषाणू माणसाला बाधत नाही, एवढे येथेच सांगून ठेवलेले बरे. कारण लहान मुलांच्या काळजीने अशी पिले घराबाहेर काढली जातात.

पिलू बरे झाले तरी विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याला संवेदना पुरविणाऱ्या त्रिमूल तंत्रिकेच्या तंतूंवाटे तो आत सरकतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या तिच्या गुच्छिकेत, म्हणजे तंत्रिका-कोशिकांच्या पुंजक्यात, जाऊन राहतो. तेथे तो वाढत नाही, कोशिकांना इजा करीत नाही आणि म्हणूनच शरीराच्या रक्षक यंत्रणेस दिसतही नाही. ही गोष्ट मराठी वाचकास अपरिचित वाटण्याचे कारण नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या मनुष्यास उतारवयात नागीण होते, ती याच रीतीने. त्या रोगाचा विषाणू याच कुळातला असून तोही तंत्रिकांच्या गुच्छिकांत वर्षानुवर्षे दडून असतो. बाधा झालेल्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्के मांजरे अशी आजन्म वाहक बनतात, असे मानले जाते.

निद्रिस्त विषाणू जागा केव्हा होतो, याविषयी गॅस्केल व पोव्ही यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. रोगातून उठलेल्या मांजरांना केवळ नव्या जागी हलविले असता त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्के मांजरांच्या स्रावात विषाणू पुन्हा दिसू लागला; पिलांना पाजणाऱ्या माद्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के, तर स्टिरॉइड औषधे दिलेल्या मांजरांत सुमारे ७० टक्के होते. ताणाचा प्रसंग आणि विषाणूचे प्रकटीकरण यांच्यामध्ये साधारणतः आठवड्याचे अंतर पडते. या अंतरामुळेच कारण मालकाच्या ध्यानात येत नाही. डोळा आज आलेला असतो, आणि घरात नवे मांजर आणलेले, पाहुण्यांची वर्दळ झालेली किंवा दिवाळीचे फटाके वाजलेले असतात ते गेल्या आठवड्यात. प्रत्येक खेपेची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवावी आणि आदल्या दहा-बारा दिवसांत काय घडले ते तिच्याशेजारी लिहावे. चार-पाच नोंदी झाल्या की घरातील एखादी विशिष्ट घटना डोकावू लागते. अनेकदा ती टाळता येण्याजोगी असते.

आता डोळ्याला खरा धोका कशापासून आहे ते पाहू. हा विषाणू पापणीच्या अस्तरावरच थांबतो असे नाही. बुबुळावरील पारदर्शक पटलावरही तो वाढतो आणि झाडाच्या बारीक फांद्यांप्रमाणे पसरणारे व्रण उत्पन्न करतो. हे व्रण साध्या नजरेला दिसत नाहीत. पशुवैद्य डोळ्यात फ्लुओरेसीन नावाचे रंगद्रव्य घालतो आणि निळ्या प्रकाशात पाहतो, तेव्हा पटल सोललेल्या ठिकाणी हिरवी चमक उमटते. ही तपासणी काही मिनिटांची आहे, परंतु तिच्यावाचून डोळ्यात काय घालावे हे ठरविता येत नाही. घरात माणसांसाठी आणलेल्या थेंबांच्या बाटल्या पडून असतात. त्यांपैकी पुष्कळांत प्रतिजैविकाबरोबर डेक्झामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत ओसरते आणि मालक समाधान पावतो. आत मात्र रक्षक यंत्रणा दुबळी होऊन व्रण खोल जातो आणि पटलास छिद्र पडून डोळा गमावण्याची पाळी येऊ शकते. उरलेली बाटली वापरण्यापेक्षा काहीच न घालणे बरे. डोळा पूर्ण मिटलेला असेल, पटल निळसर किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.

प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. व्रणात जीवाणू शिरू नयेत एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग. विषाणूवर चालणारे पहिले औषध, आयडॉक्सयुरिडीन, प्रूसॉफ यांनी १९५९ साली तयार केले ते कर्करोगाच्या संशोधनात. १९६२ साली कॉफमन यांनी ते माणसाच्या डोळ्यातील हर्पीसवर यशस्वीपणे वापरले आणि कालांतराने ते मांजरांपर्यंत पोहोचले. त्याचे थेंब दिवसातून पाच-सहा वेळा घालावे लागतात. ज्याने मांजर पाळले आहे त्यास यातील अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. सिडोफोव्हिरचे थेंब दिवसातून दोनदा पुरतात; पोटात देण्यासाठी फॅमसायक्लोव्हिर उपयोगी ठरले आहे. माणसाच्या हर्पीसवरील अ‍ॅसायक्लोव्हिर व व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या मात्र मांजराला कधीही देऊ नयेत. त्या मांजराच्या अस्थिमज्जेस घातक ठरतात, आणि व्हॅलासायक्लोव्हिरने तर यकृत व मूत्रपिंडेही निकामी होतात.

लायसीनच्या भुकटीविषयीही सांगावयास हवे, कारण ती अद्याप विकली जाते. आर्जिनीन हे अ‍ॅमिनो अम्ल विषाणूला लागते आणि लायसीन दिल्याने त्याची वाढ खुंटते, अशी कल्पना होती. उपलब्ध प्रयोगांचा २०१५ साली आढावा घेतला असता तिला आधार सापडला नाही. शिवाय आर्जिनीन मांजराच्या स्वतःच्या शरीरालाही अत्यावश्यक आहे. हा खर्च वाचविण्यास हरकत नाही.

प्रत्येक वाहणारा डोळा या विषाणूचाच असतो असे मात्र नाही. क्लॅमिडिया गटातील एका जीवाणूने एका डोळ्यापासून सुरुवात होऊन दोन्ही डोळ्यांचे अस्तर फार सुजते. त्यावर डॉक्सिसायक्लीन सुमारे चार आठवडे द्यावे लागते, आणि गोळीमागोमाग पाणी पाजावे लागते, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. पर्शियन जातीच्या चपट्या चेहऱ्याच्या मांजरांत पापणी आत वळून तिचे केस बुबुळास घासतात. याच जातीत पटलावर काळसर खपली धरते. तिला बहुधा शस्त्रक्रिया लागते.

घरच्या शुश्रूषेत मोठी विद्या नाही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसावे. प्रत्येक डोळ्यास वेगळा बोळा घ्यावा. थेंब घालताना मांजरास पंच्यात गुंडाळून आपल्याकडे पाठ करून बसवावे आणि बाटली मागून, डोक्यावरून आणावी. समोरून येणारी बाटली पाहिली की ते निसटणारच. बाटलीचे टोक डोळ्यास लागू देऊ नये. घरात इतर मांजरे असल्यास ताटल्या वेगळ्या ठेवाव्यात व प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. ओलसर जागी हा विषाणू सुमारे १८ तास टिकतो, परंतु साध्या साबणाने नाश पावतो. फरशीवर काळे फिनेल ओतण्याची आवश्यकता नाही; त्यातील फिनॉल मांजरास विषारी असते, आणि पंजे चाटताना ते पोटात जाते. पिलांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने लस टोचतात. लसीने बाधा पूर्णपणे टळत नाही, रोगाचा जोर कमी होतो; पूर्वीच वाहक झालेल्या मांजराच्या गुच्छिकेतील विषाणू लस टोचल्यानंतरही तेथेच राहतो.