हुशार मुलाला शिकवायचे तरी काय?



पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्याच्याकडे बघावे लागत नाही, तो मुळातच हुशार आहे." हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते, पण त्यामुळेच काही मुलांकडे लक्ष द्यायचे राहून जाते. मागे पडणाऱ्या मुलासाठी आपण जादा तास घेतो, आणि ते योग्यच आहे. पुढे असलेल्या मुलासाठी मात्र काय करतो? त्याची दहा गणिते झाली की आणखी तशीच दहा देतो!

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. गणित फळ्यावर लिहून होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. उरलेल्या वेळात तो शेजाऱ्याची वही ओढायचा, नको तिथे प्रश्न विचारायचा. मी त्याला कितीदा तरी वर्गाबाहेर उभे केले. पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून गुण कापले. आठवीपर्यंत तो शांत झाला. मला वाटले, सुधारला. खरे तर त्याने वर्गात डोके चालवणेच सोडून दिले होते. दहावीला त्याला बेताचे गुण मिळाले. चूक त्याची नव्हती, माझी होती. आज हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

प्रज्ञावान म्हणजे पहिला नंबर नव्हे

वर्गात पहिला येणारा मुलगा प्रज्ञावान असू शकतो, पण असेलच असे नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या : सरासरीपेक्षा वरची क्षमता, हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि नवे काही सुचण्याची शक्ती. या तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा फळाला येते. अशी मुले कधी फार बोलतात, कधी अगदी गप्प असतात. एखाद्या विषयात आकंठ बुडतात आणि दुसऱ्यात जेमतेम पास होतात. गृहपाठ टाळतात, पण पृथ्वी फिरते तर पक्षी मागे का राहत नाहीत, हे विचारून शिक्षकाला अडचणीत आणतात.

एका चाचणीवर विसंबून चालत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ल्युइस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंक मोजून मुले निवडली आणि पुढे अनेक वर्षे त्यांचा अभ्यास केला. त्या निवडीत न बसलेल्या मुलांपैकी विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. आपली मुले घरी मराठी, गल्लीत माळवी आणि हिंदी बोलतात, पुस्तके वेगळ्याच भाषेत वाचतात. एका भाषेतल्या प्रश्नपत्रिकेत अडखळलेले मूल बुद्धीने कमी आहे, असे समजू नये.

देवासचेच उदाहरण

यासाठी दूर जायला नको. पं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत देवासचेच राहिले. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र कोमकली, जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून ते मोठमोठ्या गायकांचे गाणे हुबेहूब गात. लोक थक्क होत, टाळ्या पडत. 'कुमार गंधर्व' हे नावही बालपणीच मिळाले.

इथेच धोका होता. नकलेवर टाळ्या मिळत असताना ते मूल आयुष्यभर नक्कलच करत राहू शकले असते. पण साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात आले. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनी या मुलाला एका घराण्याच्या चौकटीत बांधून ठेवले नाही. पायाशुद्ध शिक्षण दिले, निरनिराळ्या घराण्यांचे गाणे ऐकू दिले, विचार करायला लावले. पुढे कुमारजी त्याच विद्यालयात शिकवूही लागले.

देवासला आल्यावर आजारामुळे पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. त्या काळात त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली. त्यांच्या पुढच्या गाण्यात ती मुरलेली दिसतात. आपल्या घराबाहेर रोज ऐकू येणाऱ्या गीतांत एवढे धन आहे, हे त्यांनी जगाला दाखवले. देणगी जन्माने मिळाली असेल, पण तिला वळण लावणारा गुरू, ऐकण्याची संधी आणि वेळ या गोष्टी बाहेरून मिळाल्या. शाळेने द्यायचे ते हेच.

पुण्यातला प्रयोग

हे काम शाळेच्या पातळीवर करून दाखवले ते पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ही संस्था काढली आणि १९६९ मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला सुरू झाली. पाचवीत प्रवेश देताना पाठांतरापेक्षा बुद्धीचे निरनिराळे पैलू तपासले जातात. पाठ्यपुस्तकाबरोबर प्रकल्प आणि प्रत्यक्ष अनुभव यांवर भर असतो. बुद्धी स्वतःच्या नोकरीपुरती न राहता समाजाच्या कामी यावी, हा आग्रह पहिल्यापासून आहे.

आपल्याला वेगळी शाळा काढणे शक्य नाही, तशी गरजही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही साध्या शाळांमधूनच विषयवार मंडळे आणि प्रकल्प चालवावेत, पूरक साहित्य द्यावे, असे सुचवले आहे.

आपल्या शाळेत काय करता येईल?

१. जे येते ते पुन्हा नको. धडा सुरू करण्याआधी छोटी चाचणी घ्यावी. ज्याला तो आधीच येतो त्याला त्या वेळेत दुसरे काम द्यावे.

२. जास्त नको, खोल हवे. विभाजक शिकून झाले असतील तर विचारावे : १ ते ५० मधील कोणत्या संख्यांना विषम संख्येने विभाजक असतात, आणि का? विद्यार्थी मित्रांनो, उत्तर येथे देत नाही. करून पाहा!

३. गावच प्रयोगशाळा. धारच्या लाट मशिदीजवळ लोहस्तंभाचे तुकडे आहेत. त्यांची मापे घेऊन मूळ स्तंभ किती उंच असेल, याचा अंदाज मुलांनी बांधावा. देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती. आजी-आजोबांना विचारून, कागदपत्रे पाहून त्यांची हद्द नकाशावर काढावी. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मुंबईहून धारला येऊन स्थायिक झाले. हाताने घडवण्याची आवड असलेल्या मुलाला त्यांचा स्टुडिओ दाखवावा.

४. एका विषयापुरते पुढे जाऊ द्यावे. सातवीच्या मुलीला गणितासाठी आठवीच्या तासाला बसू दिले, तर मैत्रिणीही सुटत नाहीत आणि भूकही भागते.

५. बाहेरचे मार्गदर्शक. आपल्या समाजात निवृत्त अभियंते, बँक अधिकारी, प्राध्यापक, गायक आहेत. महिन्यातून दोन तास एका मुलासाठी देणारे काका-मावशी आपल्याला हवेत.

६. मुलीही आणि गप्प मुलेही. शिक्षकाच्या नजरेत बोलके मुलगे आधी भरतात. शांतपणे वही पूर्ण करणाऱ्या मुलीचे प्रश्न मुद्दाम विचारून घ्यावेत.

विश्वस्तांना आणि पालकांना

"सगळ्यांना सोडून चौघांचेच लाड का?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ज्याला चष्म्याची गरज आहे त्याला चष्मा देणे म्हणजे लाड नव्हेत. शिवाय वरचे प्रकल्प सर्वांसाठी खुले ठेवले, तर ज्याच्याबद्दल आपल्याला कल्पनाही नव्हती असे एखादे मूल त्यातूनच पुढे येईल. खर्चही फार नाही. शनिवारचा एक तास, ग्रंथालयाची किल्ली आणि थोडे साहित्य एवढे सुरुवातीला पुरे. येत्या सत्रात सहावी ते आठवीसाठी हा तास सुरू व्हावा, अशी माझी विनंती आहे.

पालकांनी एक माहिती लक्षात ठेवावी. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा २०२१ नंतर थांबली आहे. शासकीय व अनुदानित शाळांतील, कमी उत्पन्न गटातील मुलांसाठी आठवीत राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी, घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी असे मूल असेल, तर त्यांना जरूर सांगावे.

आणि घरी एवढे करावे : पाहुण्यांसमोर मुलाला "म्हणून दाखव" असा हुकूम सोडू नये. बुद्धीपेक्षा मेहनतीचे कौतुक करावे. चूक झाली तर "तू असूनही चुकलास?" असे म्हणू नये. अशा मुलांना हरण्याची भीती फार असते, आणि त्या भीतीने ती अवघड गोष्टींना हात लावेनाशी होतात.

तो सहावीतला मुलगा आता मोठा झाला आहे. मध्यंतरी भेटला, आदराने नमस्कार केला. मी म्हटले, "तुला मी फार वेळा बाहेर उभे केले रे." तो हसून म्हणाला, "सर, बाहेर निदान झाडे तरी मोजता यायची."

आपल्या शाळेतल्या कोणत्याही मुलावर वर्गाबाहेर झाडे मोजत बसण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.