गाड्यांच्या दुकानाची बखर

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे रे आणि मिल्ड्रेड लॅम्ब्रेख्ट या नवराबायकोने 1946 ते 1996 अशी पन्नास वर्षं शेव्हरोलेची एजन्सी चालवली. नव्या गाडीच्या बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या आणि न खपलेल्या काही नव्या गाड्या रे यांनी साठवून ठेवल्या. सप्टेंबर 2013 मध्ये अशा सुमारे 500 गाड्यांचा लिलाव झाला. फक्त 1.3 मैल चाललेला 1958 सालचा एक पिकअप 1 लाख 40 हजार डॉलरला गेला. पन्नास वर्षांचा साठा दोन दिवसांत पांगला.

महाराष्ट्रातल्या जुन्या एजन्सीच्या गोदामात अशा गाड्या सापडायच्या नाहीत. परवान्यांच्या काळात आलेली गाडी लगेच दाराबाहेर पडायची. मागे उरले ते कागद: बुकिंगची रजिस्टरं, डिलिव्हरी चलनं, जॉब कार्डं, भिंतीवरचे फोटो. बजाज चेतक स्कूटर 1972 मध्ये आली आणि तिच्यासाठी पुढे दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. मुलगा शाळेत असताना वडिलांनी नाव नोंदवायचं, नंबर लागेपर्यंत तो नोकरीला लागलेला असायचा. मास्तर, डॉक्टर, ऊस बागायतदार, किराणा दुकानदार यांपैकी कोणाच्या हाती पैसा कधी आला, हे त्या रजिस्टरात तारीखवार दिसतं. तालुक्याच्या सुबत्तेची इतकी प्रामाणिक नोंद क्वचितच कुठे मिळेल.

म्हणूनच अशा पेढीचा सचित्र इतिहास घरच्यांनी स्वखर्चाने छापावा, असं मनापासून वाटतं. कुलवृत्तांत छापायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दुकानाची मात्र फार तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते: शुभेच्छा संदेश, हारतुरे, जाहिराती. त्यात गिऱ्हाईक नसतं आणि मेकॅनिकही नसतो. पुस्तक करायचं तर ते या दोघांपासून सुरू व्हावं.

खरी मेहनत फोटोंची. दसऱ्याला काढलेला एखादा फोटो घ्या: हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू, हेडलाइटच्या वर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी नऊवारीतली आजी. मागे तारीख नाही. मग नंबरप्लेट वाचायची. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा असेल तर फोटो 1989 किंवा त्यानंतरचा. एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असतील तर गाडीची नोंदणी त्याआधीची. मागच्या पाटीवरचा फोन नंबर तीन आकडी असेल, तर काळ आणखी मागे जातो. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, तोही टिपून ठेवावा. ओळीत जेवढी माणसं तेवढी नावं फोटोखाली हवीत; किल्ली देणारे शेठ आणि पाना हातात धरलेला पोऱ्या, दोघांचीही.

छपाईचं गणित अवघड नाही. जुने फोटो 600 डीपीआयला स्कॅन करून मूळ फाइल तशीच जपावी, दुरुस्ती प्रतीवर करावी. पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवली की कागद वाया जात नाही. फोटोंना मॅट आर्ट पेपर बरा, आणि पुस्तक वर्षानुवर्षं उघडलं जाणार असेल तर नुसत्या गोंदावर न भागवता शिलाईची बांधणी करावी. शंभरेक प्रतींपुरतं काम असेल तर डिजिटल छपाई परवडते. हजाराच्या घरात गेलं की ऑफसेट स्वस्त पडतं. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचाच असतो. वर्तमानपत्रातून घेतलेल्या फोटोसाठी मात्र परवानगी मागावी. आणि रजिस्टरचं पान छापताना गिऱ्हाइकांचे पत्ते झाकावेत.

1954 च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही पाठवायची असते. गावातल्या वाचनालयाला ती आपणहून द्यावी. पण छापखान्याकडे वळण्याआधी एक काम उरकायला हवं. ज्या मेकॅनिकने चेतकचं इंजिन शेकडो वेळा उघडलं, तो आता सत्तरी ओलांडलेला असेल. रजिस्टरं कपाटात आणखी काही वर्षं टिकतील. त्याच्याशी बोलायला मात्र याच आठवड्यात जावं.